बघ्याची भूमिका सोडलेलं तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., एम.ए. करणारी बडोद्यातली मुलंमुली अधूनमधून माझ्याकडे शंका घेऊन येतात. प्लेटो, देकार्त, कांट इथवर त्यांचं बरं चाललेलं असतं. हेगेलपाशी दम लागतो, आणि तो दम खाऊन होईपर्यंत सेमिस्टर संपत आलेलं असतं. मग फलप्रामाण्यवाद, जीवनवादी तत्त्वज्ञान आणि अस्तित्ववाद हे तिन्ही घाईघाईत उरकले जातात. नोट्समध्ये प्रत्येकाच्या वाट्याला एकेक ओळ येते. ‘जे उपयोगी ते सत्य.’ ‘बुद्धीपेक्षा जीवनप्रेरणा श्रेष्ठ.’ ‘अस्तित्व सत्त्वाच्या आधी.’ पास व्हायला एवढं पुरतंही. पण यातली पहिली ओळ चुकीची आहे, दुसरी अर्धवट आहे, आणि तिसरी बरोबर असली तरी नुसती घोकून तिच्यातलं काही हाती लागत नाही.

तिन्ही प्रवाह वेगवेगळ्या देशांत वाढले, त्यांच्या भाषा वेगळ्या, स्वभाव तर फारच वेगळे. तरी भांडण एकाच समजुतीशी आहे: जाणणं म्हणजे काठावर उभं राहून वाहत्या पाण्याकडे बघणं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूईने या समजुतीला ज्ञानाचा प्रेक्षक-सिद्धान्त म्हटलं. आपण ज्याला बघ्याची भूमिका म्हणतो, तीच ही. हे भांडण लक्षात ठेवून वाचलं तर बाकीची नावं आणि वाद फारसे बिचकवत नाहीत.

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल १८३१ मध्ये वारला तेव्हा त्याने इतिहास, कला, धर्म, राज्य या सगळ्यांना एका प्रचंड व्यवस्थेत बसवून ठेवलं होतं. त्यात प्रत्येक गोष्टीला जागा होती. कोपनहेगनच्या सॉरेन किर्केगार्दने तिच्याकडे पाहून विचारलं, ठीक आहे, पण मी कुठे आहे यात? त्याचा एक टोमणा प्रसिद्ध आहे: तत्त्वज्ञ भव्य महाल बांधतो आणि स्वतः मात्र शेजारच्या खोपटात राहतो. महालात सगळ्या जगाचा अर्थ आहे, पण उद्या लग्नाला हो म्हणायचं की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठल्याच दालनात सापडत नाही. किर्केगार्दला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. रेगिने ओल्सेनशी झालेला वाङ्निश्चय त्याने मोडला आणि पुढे आयुष्यभर त्याभोवती लिहीत राहिला. त्याच्या १८४३ च्या टिपणवहीत एक विचार आहे: आयुष्य कळतं ते मागे वळून पाहिल्यावर, जगावं मात्र पुढे तोंड करून लागतं. बघ्याला फक्त मागचं दिसतं, ही त्याची खरी तक्रार.

शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात व्यवस्था बदलली. हेगेलच्या जागी विज्ञान आलं, १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. प्रश्न मात्र तिथेच राहिला. आधी माणूस विश्वचैतन्याच्या प्रवासातला एक टप्पा होता, आता तो कार्यकारणाच्या साखळीतली एक कडी झाला. निर्णय घेणारा ‘मी’ दोन्हीकडून गायब. (ड्यूई आणि पुढे येणारा फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ दोघेही त्याच १८५९ च्या ऑक्टोबरात, दोन दिवसांच्या अंतराने जन्मले. परीक्षेत याला मार्क नाहीत, पण साल लक्षात राहायला बरं.)

आता फलप्रामाण्यवाद. सुरुवात अमेरिकेत, हार्वर्डच्या आसपास. १८७२ च्या सुमारास काही तरुण मंडळी केंब्रिज गावात जमून वाद घालत. चार्ल्स पर्स, विल्यम जेम्स, पुढे न्यायमूर्ती झालेला ऑलिव्हर वेंडेल होम्स. नुकतंच यादवी युद्ध होऊन गेलेलं. होम्स त्या युद्धात तीनदा जखमी झाला होता. आपलंच खरं म्हणणाऱ्या दोन बाजूंनी देश कसा रक्तबंबाळ केला, हे या पिढीने पाहिलं होतं. म्हणून श्रद्धा आणि सत्य यांच्याबद्दल ती सावध बोलते.

पर्सचा १८७८ चा एक निबंध आहे, आपल्या कल्पना स्पष्ट कशा कराव्यात यावर. त्याचं म्हणणं असं की एखाद्या कल्पनेचा अर्थ हवा असेल तर ती खरी धरल्यावर व्यवहारात काय फरक पडेल ते बघा. ‘हिरा कठीण आहे’ याचा अर्थ काय? बाकीच्या बहुतेक वस्तूंनी त्यावर ओरखडा उठत नाही, हाच. आणि विश्वास म्हणजे मनातलं चित्र नव्हे, ती वागण्याची सवय आहे. आपल्याकडचं उदाहरण घ्या. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, यावर बडोद्यातल्या प्रत्येकाचा विश्वास आहे. हा विश्वास राहतो कुठे? काठावर पाय टाकताना आपण थबकतो त्यात, पोराला पाण्याजवळ जाऊ देत नाही त्यात. एखादा म्हणाला, ‘मगरीबिगरी सगळ्या गप्पा’, आणि तरीही पुलावरूनच पाणी बघून परत फिरला, तर त्याचा खरा विश्वास कोणता? पर्स सांगेल, जिभेवरचा सोडा, पायांतला बघा.

यात ‘जे उपयोगी ते सत्य’ कुठे आलं? नाहीच आलं. मगर नाही असं मानणं पोहायला कितीही सोयीचं असलं तरी मगर आहेच. विल्यम जेम्सने मात्र गोष्ट सत्यापर्यंत नेली. खरी कल्पना म्हणजे अनुभवात तपासता येते, टिकते, पुढच्या अनुभवाशी जुळवून घेते ती, असं तो म्हणे, आणि बोलण्याच्या भरात कल्पनेच्या ‘रोख किमती’ची भाषा वापरे. या भाषेने घोळ केला. टीकाकारांनी तिचं ‘सोयीचं ते सत्य’ केलं, आपल्या नोट्सनी तेच उचललं. पर्सला जेम्सच्या हातचं आपलं तत्त्वज्ञान इतकं परकं वाटू लागलं की १९०५ मध्ये त्याने आपल्यापुरतं त्याचं नाव बदलून मुद्दाम ओबडधोबड केलं, म्हणजे कोणी पळवणार नाही. जेम्स हा जिवाभावाचा मित्र, अडचणीच्या दिवसांत पर्सला पैशांची मदत करणारा. तरीही. तत्त्वज्ञांची भांडणं ही अशी.

जेम्स नुसता बोलघेवडा वाटत असेल तर त्याचं १८७० साल बघावं. वय अठ्ठावीस, हातात डॉक्टरकीची पदवी, आणि मन पार खचलेलं. सगळं जर मेंदू आणि मज्जातंतू यांच्या नियमांनीच ठरत असेल तर मी काही करण्यात अर्थ काय, या विचाराने त्याला घेरलं होतं. त्या वर्षी ३० एप्रिलला त्याने डायरीत लिहिलं की माझ्या इच्छास्वातंत्र्याची पहिली कृती, इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवणं ही असेल. आधी पुरावा आणि मग निर्णय, असा क्रम इथे नाही. काही प्रश्नांत निर्णय घेतल्याशिवाय पुरावा तयारच होत नाही, ही गोष्ट त्याने पुढे १८९६ च्या एका व्याख्यानात मांडली. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर किर्केगार्द येतो. दोन वेगळ्या धड्यांतली, दोन वेगळ्या खंडांतली ही माणसं, एकाच खिंडीत सापडलेली.

तिसरा जॉन ड्यूई. बडोद्याच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावं, कारण ही वाट आपल्या गावातून जाते. (ग्रंथालयातल्या पुस्तकांना आकडे देणारा ड्यूई वेगळा, तो मेल्व्हिल. व्हायव्हाला ही गल्लत ऐकू येते.) सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ड्यूई तिथे शिकवत होता. १९१६ मध्ये ड्यूईचा लोकशाही आणि शिक्षणावरचा ग्रंथ आला, त्याच वर्षी आंबेडकर तिथून लंडनला गेले. वीस वर्षांनी लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण तिथे कधी न झालेल्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात आंबेडकरांनी ड्यूईचं नाव घेऊन, आपले गुरू म्हणून, ऋण मान्य केलं.

ऋण कसलं ते नीट बघण्यासारखं आहे. त्या भाषणात नियम आणि तत्त्व यांतला फरक येतो. नियम सांगतो, अमुक वेळी अमुक कर. त्यात करणाऱ्याला विचार करायला जागाच नसते. तत्त्व म्हणजे परिस्थिती तोलायची पद्धत. ते चुकीचं असू शकतं, पण त्यावर चालणारा माणूस निदान जबाबदारी तरी घेतो. धर्म हा नियमांचा गठ्ठा झाला की जबाबदारी संपते, असं आंबेडकर मांडतात. हा फरक ड्यूईच्या नीतिशास्त्रात आहे. अमेरिकेच्या वर्गातला एक बारीकसा भेद आंबेडकरांनी इथल्या सगळ्यात जुन्या दुखण्यावर लावून पाहिला. फलप्रामाण्यवाद व्यवहारात दिसतो कसा, याचं इतकं चांगलं उदाहरण परदेशी पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

आणखी एक धागा. समाजातल्या गटांमधून अनुभव एकमेकांत झिरपत राहिले पाहिजेत, हे सांगायला आंबेडकर ‘एंडॉस्मॉसिस’ हा शब्द वापरतात. पातळ पडद्यातून द्रव आरपार जातो, ती क्रिया. ड्यूईच्या १९१६ च्या ग्रंथात तो याच अर्थाने आहे: वर्गावर्गांत भिंती असल्या की समाजात हे झिरपणं थांबतं. आणि त्याआधी १८८९ मध्ये आंरी बर्गसाँने काळावर लिहिताना हीच क्रिया वापरली होती, आपल्या मनातला काळ आणि घड्याळाचा काळ एकमेकांत कसे मिसळतात ते दाखवायला. शरीरशास्त्रातलं हे उदाहरण तेव्हा बऱ्याच जणांच्या हाताशी होतं, त्यामुळे कोणी कोणाकडून उचललं याचा हट्ट धरू नये. पण तीन वेगळ्या माणसांना घट्ट कप्प्यांपेक्षा झिरपणं जवळचं वाटलं, हे मला पुरेसं बोलकं वाटतं.

बर्गसाँ आलाच आहे तर जीवनवादी तत्त्वज्ञानाकडे वळू. हा काही एका झेंड्याखालचा पंथ नाही. विल्हेल्म डिल्टाय, नीत्शे, बर्गसाँ, झिमेल यांना एकत्र बसवलं असतं तर दुपारचा चहा होईस्तोवर भांडणं झाली असती. समान एवढंच की जीवन हे संकल्पनांच्या आधी येतं आणि त्यांत पुरतं मावत नाही.

डिल्टाय सगळ्यात शिस्तीचा. निसर्ग आपण उलगडून सांगतो, माणसाचं मन समजून घेतो, असा भेद त्याने केला. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर एखादा डॉक्टर हृदयाचे ठोके मोजेल, घामातलं मीठही मोजेल, आणि त्यात काही चूक नसेल. पण हजारो माणसं रात्र रात्र गोल का फिरतात, हे त्या आकड्यांत येत नाही. त्यासाठी गाणं कळावं लागतं, देवी ठाऊक असावी लागते, शेजारच्या काकूंचा दरवर्षीचा हट्ट ठाऊक असावा लागतो. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र या विषयांना भौतिकशास्त्राची नक्कल करायला लावू नका, हा डिल्टायचा आग्रह. कला शाखेत शिकणाऱ्याने त्याचे आभारच मानावेत.

बर्गसाँचा मुद्दा काळाचा. पेल्यात साखर घातली की ती विरघळेपर्यंत थांबावंच लागतं, असं तो १९०७ च्या ग्रंथात लिहितो. साधं वाक्य, पण मोठं पेचाचं. भौतिकशास्त्राच्या समीकरणात तो काळ म्हणजे एक अक्षर. दुप्पट वेगाने चाललं तरी समीकरणाला काही फरक पडत नाही. माझ्या थांबण्याला पडतो. माझी अधीरता हा त्या काळाचाच भाग आहे. हा जगलेला, आधीच्या क्षणात नंतरचा मुरत जाणारा काळ म्हणजे त्याची ‘अवधी’ची कल्पना. बर्गसाँ विज्ञानविरोधी होता असं बिनदिक्कत लिहितात, ते खरं नाही. घड्याळ चूक आहे असं तो म्हणत नव्हता, घड्याळात सगळा काळ येत नाही एवढंच म्हणत होता. १९२२ मध्ये पॅरिसला आईनस्टाईनशी त्याची याच विषयावर जाहीर चकमक झाली, १९२७ चं साहित्याचं नोबेल त्याला मिळालं. जेम्स आणि तो एकमेकांचे चाहते. जेम्सचं ‘फलप्रामाण्यवाद’ फ्रेंचमध्ये १९११ ला निघालं त्याला प्रस्तावना बर्गसाँची. आपल्या अभ्यासक्रमात मात्र दोघे दोन वेगळ्या युनिटांत.

नीत्शे. याच्यावर जपून. ‘देव मेला’ हे वाक्य बहुतेकांनी टी-शर्टवर वाचलेलं असतं. १८८२ च्या पुस्तकातला तो १२५ वा परिच्छेद जेमतेम पान-दीड पानाचा आहे, तो स्वतः वाचा. भर सकाळी कंदील घेऊन एक वेडा बाजारात शिरतो, देव कुठे आहे म्हणून ओरडत. बाजारातले लोक हसतात. हे हसणारे नास्तिकच आहेत, हे वाचताना निसटतं. वेडा त्यांना सांगतो की आपणच त्याला मारलं, आणि तुम्हाला अजून याचा पत्ताच नाही. सगळ्या मूल्यांचा आधार निघून गेला तरी माणसं काल होती तशीच दुकानं मांडून बसली आहेत, याचा हा धसका आहे, जल्लोष नव्हे. त्याच पुस्तकात ३४१ वा परिच्छेद येतो. एका राक्षसाने येऊन सांगितलं की हेच आयुष्य, असंच्या असं, तुला अनंत वेळा जगायचं आहे, तर तू दात-ओठ खाशील की त्याला देव म्हणशील? हा विश्वरचनेचा सिद्धान्त म्हणून घ्या की नको, यावर विद्वान भांडतात. कसोटी म्हणून तो सरळ आहे, आणि पर्सच्या कसोटीचा दूरचा नातेवाईक वाटतो: हे मानलंत तर उद्या सकाळी तुमचं वागणं बदलेल का? नीत्शेच्या मृत्यूनंतर बहिणीने त्याची टिपणं आपल्या मर्जीने जुळवून छापली, म्हणून ‘सत्तेची इच्छा’ या नावाच्या पुस्तकातून उद्धृत करताना दोनदा विचार करावा.

अस्तित्ववादाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून तो शिकवायला सगळ्यात अवघड. सिगारेट, काळे स्वेटर, उदास चेहरे. दहातल्या आठ उत्तरपत्रिकांत ‘निराशावाद’ हा शब्द असणार, असं मी डोळे मिटून सांगेन. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने २९ ऑक्टोबर १९४५ ला पॅरिसमध्ये जे व्याख्यान दिलं ते याच आरोपाला उत्तर होतं. जर्मनांचा ताबा सुटून वर्षच झालेलं. कोणी प्रतिकार केला, कोणी शत्रूला साथ दिली, कोणी खाली मान घालून रेशनच्या रांगेत उभं राहिलं, सगळं ताजं होतं. त्या सभागृहात ‘परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य प्रत्येकाच्या ओठांवर होतं आणि सार्त्र नेमकं तेच काढून घेत होता.

कागद कापायच्या सुरीचं त्याचं उदाहरण. सुरी करणाऱ्याच्या डोक्यात आधी तिचं प्रयोजन असतं, मग सुरी होते. माणसाचं उलटं: आधी तो असतो, मग आपल्या कृतींनी काय व्हायचं ते होतो. ‘अस्तित्व सत्त्वाच्या आधी’ ते हेच. हे वाक्य त्या व्याख्यानातल्या विद्यार्थ्याच्या गोष्टीशी जोडून वाचलं की जिवंत होतं. त्याचा भाऊ १९४० मध्ये लढाईत गेलेला. आई एकटी, याच्यावर जीव लावून. हा इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत जावं की आईपाशी राहावं, असं विचारायला सार्त्रकडे आला. ख्रिस्ती नीती सांगते, शेजाऱ्यावर प्रेम कर. शेजारी कोण, आई की देशबांधव? कांट सांगतो, माणसाला साधन करू नका. राहिलो तर लढणारे साधन होतात, गेलो तर आई. मनाचा कौल घ्यावा तर आईवरचं प्रेम किती हे तिच्यापाशी राहिल्यावरच कळणार. सार्त्र म्हणाला, तू मोकळा आहेस, तू ठरव. मुलांना हे उत्तर टाळाटाळ वाटतं. पण त्याने पुढे जोडलेलं बघा: सल्ला कोणाला विचारायचा हे निवडलं की सल्लाही निवडल्यासारखाच असतो. वाड्यातल्या कोणत्या काकांना विचारलं की ‘नोकरी सोडू नकोस’ ऐकू येणार, हे आपल्याला विचारण्याआधीच माहीत असतं की नाही?

सार्त्रवर माझा आक्षेप एवढाच की त्याच्या त्या व्याख्यानात स्वातंत्र्य फार स्वस्त होतं. दुरुस्ती सिमोन द बोव्हारने केली, १९४७ च्या नीतीवरच्या पुस्तकात आणि मग १९४९ च्या स्त्रीप्रश्नावरच्या ग्रंथात. माणूस मोकळा असतो, पण रिकाम्या जागेत नव्हे, एका परिस्थितीत. आणि काहींच्या वाटा दुसऱ्यांनी आधीच बंद केलेल्या असतात. हे कळायला पॅरिसला जायची गरज नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार बडोदा सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला आले. कोलंबियाचं शिक्षण पाठीशी, आणि गावात खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. ओळख उघड झाल्यावर लाठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री होती, तोवर ते कमाटी बागेत बसून राहिले. आंबेडकरांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. ‘तू मोकळा आहेस, तू ठरव’ हे वाक्य त्या दुपारी त्यांना ऐकवून बघा. आंबेडकरांना अस्तित्ववादी म्हणण्याचा मोह मात्र आवरा. त्यांनी परिस्थिती बदलायची हत्यारं ड्यूईकडून घेतली, आणि जून १९५२ मध्ये मानद पदवीसाठी ते कोलंबियाला परत गेले तेव्हा ड्यूई वारल्याला काही दिवसच झाले होते.

फ्रेंच लेखक काम्यू आणि जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर दोघांनीही अस्तित्ववादी हे लेबल नाकारलं. उत्तरात त्यांना त्या रांगेत बसवलंत तर निदान हे एक वाक्य लिहा.

वाचायचं कुठून? इतिहासाच्या जाड ग्रंथांपासून नको. जेम्सच्या १९०७ च्या पुस्तकातलं दुसरं व्याख्यान घ्या. त्याची सुरुवात झाडाभोवती फिरणारा माणूस आणि बुंध्याआड लपत फिरणारी खार यांच्यावरून रंगलेल्या वादाने होते, आणि तो वाद तो ज्या तऱ्हेने सोडवतो ती फलप्रामाण्यवादाची सगळी पद्धत आहे. मग नीत्शेचे वरचे दोन परिच्छेद. मग सार्त्रचं व्याख्यान, एका बैठकीत संपतं. त्यावर उतारा म्हणून बोव्हारच्या १९४९ च्या ग्रंथाची प्रस्तावना. आंबेडकरांचं भाषण मराठीतही आहे, ते ड्यूई समोर ठेवून वाचा. विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत बसून हे इंग्रजीत वाचाल, मैत्रिणीशी त्यावर गुजरातीत बोलाल; घरी येऊन आजीला मराठीत सांगता आलं तर समजलं म्हणायचं, नाहीतर परत पान उघडायचं. किर्केगार्द थोडा थोडा घ्या, टोपणनावांनी लिहायचा म्हणून ‘किर्केगार्द म्हणतो’ असं लिहिताना कोणत्या नावाने म्हणतो ते तपासा. हायडेगरचा १९२७ चा ग्रंथ एम.ए.ला ठेवा, आणि तेव्हाही एकट्याने नको, दोघं-तिघं मिळून.